सगुणबाबांची एकच चूक

सगुणबाब वकिलांविषयी गोड बोलणारी माणसं आमच्या डिचोलीत पायलीची पन्नास मिळतील. मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही. कधीच सांगत नाहीत. तरी मी लिहितो आहे, कारण त्या माणसाकडे जन्मभर माझ्याइतकं टक लावून कुणी बघितलेलं नाही. प्रेमाची माणसं वरवर बघतात आणि खूश होतात. मी हेव्याने बघत होतो, त्यामुळे त्यांच्या कोटाचं कुठलं बटण कधी बदललं हेसुद्धा मला ठाऊक आहे.

आमची ऑफिसं समोरासमोर, मधे बाजाराचा अरुंद रस्ता. माझं ऑफिस राहत्या घराच्याच बाहेरच्या खोलीत, तिथे काचेची कपाटं, पितळी पाटी आणि तीन गुबगुबीत खुर्च्या. त्यांच्याकडे एक कौलारू खोली, शेजारी पोदेराचं पाव-उंड्यांचं दुकान, आणि मेजावर कायम कांकणाचा चुरा. कांकण म्हणजे बांगडीसारखा कडक पाव. तो चहात बुडवून खाताना सगुणबाबांना कुणी काही विचारलेलं चालत नसे. धंदा दोघांचा एकच : माणूस गेल्यावर मागच्यांचं काय, ते तो असतानाच ठरवून ठेवायचं. मृत्युपत्रं, वाटण्या, बहिणींच्या आणि मेव्हण्यांच्या सह्या.

गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, पण जाताना घरादाराचा कायदा इथेच ठेवून गेले. बाहेरच्यांना तो सांगितला की त्यांचा विश्वास बसत नाही. लग्न लागलं की नवरा-बायकोचं सगळं एक होतं आणि त्यातलं अर्धं बायकोचं. मग ती कमावती असो नाहीतर चुलीपुढे बसलेली असो. नवऱ्याच्या वाट्याला राहतं ते अर्धं, आणि मुलं असतील तर त्यातलंही अर्धं मुलांचं, मुलगे आणि मुली सारख्याच. बापाच्या मर्जीचं म्हणून जे उरतं ते फक्त चौथाई. घर माझं, मी वाटेल त्याला देईन, असं म्हणत पायरी चढून येणाऱ्या माणसाला हे समजावून सांगणं हे आमचं पोट भरायचं साधन.

सगुणबाब हा कायदा मूळ पोर्तुगीजमधून शिकलेले. मी बेळगावला वकील झालो आणि हा कायदा मागाहून इथे घोकून पाठ केला. पण कलमं मला त्यांच्यापेक्षा जास्त यायची. ही फुशारकी नाही. भर कोर्टात मागे वळून "गजानना, कितवें कलम रे तें?" असं त्यांनी मला कितीदा तरी विचारलंय. मी सांगायचो. आणि काम त्यांचं व्हायचं.

दिसायला म्हणाल तर गोरे, स्थूल, पुढे पोट. मिशीला कलप. तो कलप उन्हाळ्यात घामाने ओघळायचा आणि ते तोच रुमाल पुन्हा तोंडावरून फिरवायचे. अंगाला अत्तर. स्वतःच्या गोष्टी सांगायची दांडगी हौस. एखादी गोष्ट दुसऱ्याची असली तरी चार-पाचदा सांगून झाल्यावर ती त्यांची होऊन जायची. माझं एक चांगलं वाक्य होतं, "मेल्या माणसाला भांडता येत नाही, म्हणून कागदाने भांडायला हवं." ते मी त्यांच्याच तोंडून पेडण्याच्या देवळात ऐकलं, आणि लोक माना डोलावत होते.

त्यांच्या खोलीत बसायला एक लांब बाक आणि एकच खुर्ची. खुर्ची वेताची, हाताची, पाठीला उशी असलेली. पक्षकार आत आला की सगुणबाब त्याचं नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला.

"घरकान्न खंय?"

म्हणजे बायको कुठे आहे. ती घरी असली तर काम तिथेच थांबायचं. "तिका घेवन या. मागीर उलोवया." आधी तिला आणा, मग बोलू. कुणी म्हणालं की तिला काय कळतंय यातलं, तर सगुणबाब कांकण चहात बुडवायचे, म्हणजे बोलणं संपलं. मग ती यायची. ती आली की वेताच्या खुर्चीत ती बसायची आणि नवरा बाकावर. गावच्या मानकऱ्यालाही त्या खोलीत बाकच मिळायचं. मला हे सगळं नाटक वाटायचं. कायद्याने बायकोची सही लागते, ती नोटरीपुढे शेवटी घेता येते. आधीपासून तिला खुर्चीत बसवायची गरज काय?

सुर्ल्याचे सोमाआबा आधी माझ्याकडे आले होते, हे मला इथे नोंदवून ठेवायचंच आहे. मूळचे सावंतवाडीपलीकडचे. खाणीवर आले, दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग स्वतःचे घेतले. सुर्ल्यात रस्त्याला लागून घर बांधलं. दोन मुलगे, एक मुलगी. माझ्या गुबगुबीत खुर्चीत बसून म्हणाले, "घर माजा, ट्रक माजे. सगळा झिलांच्या नावार करून टाका. चेडवाचा लगीन केला, तिचा संपला."

मी त्यांना कायदा सांगितला. अर्धं तुमच्या बायकोचं, तुमच्या अर्ध्यात मुलीचाही हिस्सा, तुमच्या मर्जीचं एवढंच. अगदी स्वच्छ, क्रमाने, कलमांसकट. सोमाआबा लाल झाले. "मी ट्रक चालवलंय तेव्हा खंय होतो तुमचो कायदो?" असं म्हणून उठले आणि रस्ता ओलांडून समोर गेले. मी खिडकीतून बघत होतो. माझं मेज मी त्या खिडकीशी मुद्दाम लावून घेतलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

समोर त्यांना तोच प्रश्न मिळाला. चरफडत परत गेले आणि दोन दिवसांनी बायकोला, गंगाबाईंना, घेऊन आले. आत काय झालं ते मी पुढे सगुणबाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता मलाच तिथे असल्यासारखं वाटतं. गंगाबाई खुर्चीच्या टोकाला टेकल्या. सोमाआबा बाकावर.

"गंगाबाय," सगुणबाब म्हणाले, "घराचें अर्दें तुमचें, ट्रकांचें अर्दें तुमचें. तुमी कोणाक कितें दितल्यात तें सांगा. ह्यांचें मागीर बघूया."

बाईंना वाटलं हे थट्टा करताहेत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "माका ह्या कोणी कधी इचारूक नाय," म्हणाल्या. सगुणबाब थांबले. थांबणं त्यांना जमायचं, मला कधी जमलं नाही. मला गप्प बसलेला पक्षकार दिसला की मी पुढचं कलम सांगून टाकतो.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "भायली खोली देवची."

"कोणाक? थोरल्याक?"

"नाय. ह्येंका." त्यांनी नवऱ्याकडे न बघता हात केला. "मी आधी गेलंय तर सुनो तेंका मागल्या पडवेत घालतले. तेंका भायल्या खोलयेतसून ट्रक येताना-जाताना दिसाक होये. नाय तर तेंका जेवण जावचा नाय."

सगळं मुलग्यांना देऊन टाकायला आलेला माणूस बाकावर बसून राहिला. मग खाली फरशीकडे बघत म्हणाला, "चेडवाचा नाव पण घालशात मा?"

तोच कायदा. तीच कलमं. मी सांगितलं तेव्हा माणूस लाल होऊन उठून गेला आणि तिथून डोळे पुसत बाहेर पडला. मला चीड आली ती आली, वर वकिली खटकली. अर्धं घर सोमाआबांचंच होतं! त्यांना बाहेरच्या खोलीतून उठवायची कुणाची टाप नव्हती. आपलंच असलेलं माणसाला दान म्हणून कसं मिळेल? मी हे सगुणबाबांना कोर्टाच्या व्हरांड्यात सांगितलं. ते म्हणाले, "हय रे, बरोबर तुजें." आणि मिशी पुसली. बरोबर म्हटल्यावर वादच मिटतो, ही त्यांची युक्ती होती.

सुर्ल्याहून त्यानंतर रांग लागली. त्यांच्याकडे.

घरी सुमन, माझी बायको, म्हणायची, "तेंका उलोवंक येता." मी म्हणायचो, मला काय मुका समजलीस? ती म्हणायची, "तुमकां सांगूंक येता." रोज दुपारी ती पोदेराकडे पाव आणायला जायची, आणि पोदेराचं दुकान सगुणबाबांच्या खिडकीला खिडकी लावून. परत येताना तिच्याकडे पावाबरोबर सगुणबाबांची एखादी ताजी गोष्ट असायची. गरम पाव मला कधी गोड लागला नाही.

इब्रामपूरचं प्रकरण तर मी हातचं घालवलं, की त्यांनी ते माझ्या हातातून काढून नेलं, याचा निकाल मी अजून केलेला नाही. दोन भाऊ आणि मोरजीला दिलेली एक बहीण, रुक्मिणी. आई आधीच गेलेली, बाप मागे काही न लिहिता गेलेला. डोंगरउतारावर काजूची बाग, वर रस्त्याला लागून एक तुकडा, खाली पाण्याची झर. मी थोरल्याचा वकील, सगुणबाब धाकट्याचे. एकमत झालं नाही की आमच्याकडे प्रकरण कोर्टात जातं, आणि तिथे वारसच एकमेकांवर बोली चढवतात. भाऊ भावावर बोली लावतो. एकदा ते सुरू झालं की दोन्ही वकिलांची मुलं शिकून मोठी होतात. माझी तयारी झाली होती.

सगुणबाबांनी निरोप पाठवला, आधी डोंगर बघूया. मी बूट घालून गेलो. ते चपला हातात घेऊन, धापा टाकत, पोट सांभाळत चढले. काजूचे दिवस. थोरल्याच्या बायकोने निरो आणून दिला, म्हणजे काजूच्या बोंडांचा गार रस. पहिला पेला त्यांना, दुसराही त्यांनाच, तिसरा मला. मी तिच्या नवऱ्याचा वकील!

रस मिशीला लागला असतानाच ते म्हणाले, "थोरल्यान वांटे करचे आनी धाकट्यान पयलीं उबारचे, ही आमची रीत. पूण ह्या दोगांचो एकामेकांचेर विश्वास ना. तेन्ना वांटे वैनीन करचे. आनी पयलो वांटो उबारतली रुक्मीण."

थोरल्याची बायको दचकली. वाटे करायचे म्हणजे सांभाळून करायला हवेत. पहिला कुठला उचलला जाईल ते आपल्या हातात नाही. तिने दुपारभर डोंगर पायाखाली घातला. झाडं मोजली, मोठी-लहान बघितली, वरचा तुकडा लहान केला, झरीचा भाग मोठा केला, पुन्हा बदलला. मी आयुष्यात कित्येक वाटणीपत्रं केली, पण एवढे सारखे तीन वाटे बघितले नाहीत.

आता रुक्मिणी. सगळ्यांना धास्ती रस्त्याकडच्या तुकड्याची. तिच्या नवऱ्याची मोरजीला पर्यटकांसाठी खानावळ, पैशाची चटक लागलेली, ती तोच तुकडा घेणार आणि विकणार. माझ्या पक्षकाराने माझा दंड घट्ट धरला होता. रुक्मिणी खाली बघत चालत गेली आणि झरीजवळ जाऊन उभी राहिली.

"हो माजो," ती म्हणाली.

धाकटा म्हणाला, "अगो, हांगा फकत उदक."

"तेंच. तुमच्या दोगांच्याय गोरवांक उदक हांगाचेंच. झर माजी म्हणटकूच तुमकां दोगांकय माज्याकडे उलोवचें पडटलें." आणि रडायला लागली. भाऊ एकमेकांशी तेव्हा वर्षभर बोलत नव्हते, हे सांगायचं राहिलं.

सगुणबाबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. त्या दिवशी माझ्या मुलांचं उच्च शिक्षण डोंगरावरून खाली घरंगळत गेलं आणि मी त्याच मंडळींच्या पंगतीत बसून उकड्या तांदळाचा भात जेवलो. धाकट्याने मला आग्रह केला नाही. मी बघत होतो.

इतकं सगळं सहन करून मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. एक चूक. भाषेची नव्हे, तारखेची नव्हे. खरी, कायद्याची, वकिलाला शोभणार नाही अशी चूक. त्यांनी केलेली मृत्युपत्रं माझ्यापुढे कुठल्या ना कुठल्या निमित्ताने यायची. मी दिव्याजवळ धरून वाचायचो. मिळत नव्हती. जे मला खटकायचं, ते सोमाआबांच्या खोलीसारखं असायचं, गरज नसलेलं दान. त्याने कुणाचं काही बिघडत नसे, त्यामुळे त्याला चूक म्हणून मिरवता येत नव्हतं.

आणि एका दुपारी तेच माझ्याकडे चालत आले. बरोबर त्यांच्या पत्नी शालिनीवैनी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो रस्ता माझ्या बाजूला ओलांडला. वैनींना खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभेच.

"तुज्याकडे बाक ना?"

मी म्हटलं, नाही. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्याच्यावर बसले. आजारी दिसत होते. कलप महिनाभर लागला नसावा, मिशी मुळाशी पांढरी. त्यांनी खिशातून एक कागद काढला.

"माजें मृत्युपत्र. नोटारीकडे वचचे आदीं तूं वाच."

मी विचारलं, "माझ्याकडे कशाला? पणजीला मोठे मोठे वकील आहेत."

"ते माका मान दितले. वाचचे नात." ते हसले. "गजानना, ह्या गांवांत माजी चूक सोदपी तूं एकटोच. जल्मभर सोदलीय. आयज सोद."

म्हणजे त्यांना माहीत होतं. खिडकीशी लावलेलं मेज, दिव्याजवळ धरलेले कागद, सगळं. मी चष्मा घातला आणि वाचायला लागलो. त्यांना मूलबाळ नव्हतं, आईवडील केव्हाच गेलेले, त्यामुळे स्वतःच्या हिश्शाचं ते काहीही करू शकत होते. मजकूर लहान. पुस्तकं भाच्याला. देवळाला समई. आणि मग : 'माझे डिचोली येथील राहते घर मी माझी पत्नी शालिनी हिला देत आहे.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मिळाली होती.

"सगुणबाब," मी म्हटलं, आणि माझा आवाज किती शांत होता याचा मला आजही अभिमान आहे, "अर्धं घर वैनींचंच आहे. लग्न झालं त्या दिवसापासून. ते तुम्ही त्यांना कसं देणार?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वैनींकडे. मग जे हसायला लागले, स्टूल हलायला लागलं. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी. "सगळ्या गांवाक शिकयलें," ते म्हणाले, "आनी घरांत विसरलों! आगो शालिनी, तुजेंच घर तुका दितालों गो!"

मी पट्टी घेतली, लाल शाई घेतली आणि ते वाक्य सरळ रेघेने खोडलं. वर लिहिलं : 'राहत्या घरातील माझा अर्धा हिस्सा'. इतकी सुंदर रेघ मी उभ्या जन्मात मारली नव्हती. वैनी कागदाकडे बघत होत्या. हळू म्हणाल्या, "तेंणी सगळें दिल्लें म्हणून बरें दिसतालें." मी म्हटलं, वैनी, कायद्यात बरं वाटण्याला अर्थ नसतो.

मला वाटलं, संपलं. आता बाजारात निदान एक गोष्ट तरी माझी असेल. मी कुणाला सांगायच्या आत आठवडाभरात सगळ्या डिचोलीला ती ठाऊक झाली होती, कारण सगुणबाब स्वतः सांगत सुटले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात, पोदेराकडे, जत्रेत. "आमच्या गजाननान माका धरलो! हांव म्हणटां घरकान्न खंय, आनी माज्याच मृत्युपत्रांत माजी घरकान्न ना!" लोक पोट धरून हसायचे. आणि म्हणायचे, बघा, केवढा मोठा माणूस, स्वतःची चूक स्वतः सांगतो. आजारी माणसाच्या दारात पुन्हा रांग लागली. मी आयुष्यात काढलेली एकमेव चूक, तीही त्यांनीच नेली.

जेवताना मी हे सगळं सुमनला ऐकवत होतो. ती हसली, म्हणून मी जास्तच चिडलो. म्हटलं, "हसू नकोस. आता गावातल्या सगळ्या बायका अर्धं-अर्धं करताहेत. तू सांग, तुझ्या अर्ध्याचं काय करणार आहेस?"

ती आमटी वाढत म्हणाली, "केलां."

"काय केलंस?"

"मृत्युपत्र. सगुणबाबांकडे. गेल्या चवथीच्या आदीं."

माझा घास हातातच राहिला. माझी बायको. वकिलाची बायको. रस्ता ओलांडून!

"तू त्यांच्याकडे गेलीस कशाला? मी मेलो होतो?"

"पाव हाडूंक गेल्लें. तेंणी जनेलांतल्यान इचारलें, सुमनबाय, तुमच्या अर्द्याचें कितें?" जनेलांतल्यान, म्हणजे त्यांच्या खिडकीतून. ती खाली बसली. "तुमी केन्नाच इचारूंक ना. आयज इचारलां तेंय रागान."

"आणि त्यांनी विचारलं नाही, नवरा कुठे आहे म्हणून? सगळ्यांना विचारतात!"

"इचारलें मगो. पयलें तेंच. घरकार खंय? हांवें जनेलांतल्यान दाखयलें. म्हटलें, थंय बसल्यात. तुमच्याचकडे बघतात."

जेवण तसंच टाकून मी उठलो. तिने कपाटातून कागद काढून दिला. मुलांचं मुलांना, बरोबर, अगदी काट्याने तोलल्यासारखं. आणि मग : 'राहत्या घरातील रस्त्याकडची बाहेरची खोली मी माझे पती गजानन यांना, ते असेपर्यंत, देत आहे. त्यांचे कागद तिथून कुणी हलवू नयेत आणि त्यांना तिथून कुणी ऊठ म्हणू नये.'

मी ते वाचलं आणि आधी मला वकील म्हणून राग आला. अर्धं घर माझंच! माझ्याच घरातली खोली ही मला कशी देणार? जी चूक मी नुकतीच लाल शाईने खोडली, तीच, तशीच, त्यांच्या नजरेखालून गेलेली. या वेळी घरात विसरलो म्हणायची सोय नव्हती. ही दुसऱ्याच्या घरची होती, आणि ती त्यांनी हसत सांगायच्या आधी मी सांगणार होतो. सुमन दारात उभी होती. तिने विचारलं, "खोली बरी मू? थंयसून तेंचें ऑफीस दिसता." मी कागदाची घडी घातली.

सकाळी लाल पेन खिशात घालून मी रस्ता ओलांडला. कागद हातात. दार उघडं होतं, सगुणबाब एकटेच बाकावर, समोर चहा, चहात कांकण. शर्ट खांद्यावर सैल झालेला. अत्तर मात्र होतं. माझ्या हातातला कागद त्यांनी लांबूनच ओळखला आणि परीक्षेचा निकाल बघायला आलेल्यासारखे माझ्या तोंडाकडे बघू लागले. कांकण खाताना त्यांना कुणी बोललेलं चालत नसे, पण या वेळी तेच बोलले.

"सांपडली?"

दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ. माझ्या जिभेवर होतं. सुमनचा आवाज कानात होता, आणि ती ओळ खोडली तर मागे काय राहतं तेही मला दिसत होतं. घराचा अर्धा हिस्सा राहतो, बरोबर, बिनचूक, आणि तो मला कुणी दिलेला नसतो.

"ना," मी म्हटलं.

"नीट वाचलें?"

"वाचलें."

"तर बस." ते बाकावर थोडे सरकले.

वेताची खुर्ची समोर रिकामी होती. मी बाकावर, त्यांच्या शेजारी बसलो. ते चहा पीत राहिले. त्यानंतर त्यांना भाच्याकडे मुंबईला नेलं, आणि ते परत आले नाहीत.

मी हे बाहेरच्या खोलीत बसून लिहितो आहे. समोरचं दार बंद असतं. सुमनचं ते खोलीचं वाक्य माझ्या पक्षकाराने सांगितलं असतं तर मी लिहू दिलं नसतं, पहिल्या मसुद्यातच खोडलं असतं. सगुणबाबांनी ते चुकीचं आहे हे माहीत असून लिहू दिलं. याचा मला अजून हेवा वाटतो.